उंट लपला हत्तीमागे!

ए दोस्त, जरा जवळ सरक. एक गंमत सांगायची आहे. कानात सांगण्यासारखी!

विदित गुजराथी ठाऊक आहे ना? आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर! २०२४ मध्ये बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं. तिथे सुवर्णपदक जिंकलेल्या भारताच्या संघात तो होता. समोरच्याला पेचात पकडायचं आणि स्वतः पेचातून निसटायचं, हे त्याचं काम.

पण आज गोष्ट त्याची नाही. आज गोष्ट आहे ती पटावर समोर कोणीच नको असलेल्या माणसांची!

होय, खरंच! ही माणसं एकटीच बसतात. राजा इथे ठेवतात, हत्ती तिथे. डोकं खाजवतात. हत्ती उचलून दुसरीकडे ठेवतात. पुन्हा डोकं खाजवतात. कधी एक दिवस, कधी कित्येक महिने! शेवटी एक चित्र तयार होतं. त्याच्याखाली ते एकच ओळ लिहितात : ‘पांढऱ्याने खेळून चार खेळ्यांत मात करावी.’

झालं कोडं तयार! आता सोडवा म्हणे.

तू दिवाळीत किल्ला करतेसच ना? मग तुला हे लगेच समजेल. बुद्धिबळाचा डाव म्हणजे शाळेच्या मैदानावरची क्रिकेटची मॅच. काय होईल ते कोणालाच माहीत नसतं. पण बुद्धिबळाचं कोडं म्हणजे दिवाळीचा किल्ला! प्रत्येक मावळा कुठे उभा करायचा, हे ठरवून केलेलं. आणि किल्ल्याला एक चोरदरवाजा. एकच हं! सोडवणाऱ्याने तो शोधायचा. त्या पहिल्या खेळीला कोडी रचणारे म्हणतात ‘किल्ली’.

आणि चुकून दुसरा दरवाजा सापडला तर? मग कोडं बाद! रचणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. एक प्यादं एक घर सरकवून पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायचं. मला तर वाटतं, ही जगातल्या सगळ्यात धीराच्या माणसांपैकी आहेत.

आता ओळख बघ. आपल्याकडे असा एक कोडीवाला होऊन गेला. कधी? पेशव्यांच्या काळात!

नाशिकला गंगापूर रोडवरून जाताना आनंदवल्ली लागते, हो ना? तिथे पूर्वी राघोबादादा पेशवे राहत. त्यांचा मुलगा म्हणजे दुसरे बाजीराव, शेवटचे पेशवे. या बाजीरावांच्या काळात तिरुवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या एका विद्वानांनी बुद्धिबळावर एक ग्रंथ लिहिला. तोही संस्कृतमध्ये! नाव काय, माहितीय? ‘विलासमणिमंजरी’.

घाबरू नकोस, नाव फोडून बघू. विलास म्हणजे मौजमजा. मणी म्हणजे रत्न. आणि मंजरी म्हणजे मोहोर, आंब्याला येतो ना तसा. मौजेच्या रत्नांचा मोहोर! बुद्धिबळाच्या पुस्तकाला याहून गोड नाव मी तरी ऐकलेलं नाही.

१८१४ मध्ये मुंबईत या ग्रंथाचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्यात मुख्यतः काय होतं? पटावरचे पेच! म्हणजे सोंगट्या अशा अशा मांडल्या आहेत, आता सुटका कर, नाहीतर मात कर. विचार कर, १८१४! तेव्हा आगगाडी नव्हती, वीज नव्हती, फोटो काढायचा कॅमेरासुद्धा नव्हता. पण मुंबईच्या छापखान्यात बुद्धिबळाची कोडी छापून निघत होती!

त्या जुन्या बुद्धिबळात आणखी एक मजा होती. आज आपण मात केली की खूष होतो. मात कशाने केली, हे कोण विचारतो? वजिराने केली काय, हत्तीने केली काय. पण जुने खेळाडू विचारायचे! सगळ्यात मानाची मात कोणती? तर प्याद्याने केलेली. प्यादेमात!

का बरं? अगदी सोपं आहे. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाने फळ्याच्या वरच्या टोकाला हात लावला, तर कोणी टाळ्या वाजवेल का? पण बालवाडीतल्या छोटूने लावला तर? सगळी शाळा बघायला येईल! प्यादं म्हणजे पटावरचा छोटू. बिचारं एकेक घर पुढे चालतं. मागे वळता येत नाही. त्याने राजाला मात द्यायची म्हणजे काय!

आणि काय योगायोग बघ. दूर अमेरिकेत एका मुलाच्या डोक्यात जवळजवळ हाच किडा वळवळला. सॅम लॉईड त्याचं नाव. १८५८ मध्ये तो असेल सोळा-सतरा वर्षांचा, तुझ्या शेजारच्या कॉलेजातल्या दादाएवढा. त्याच्या एका मित्राला मोठी घमेंड होती. कुठलंही कोडं दाखव, मात कोणती सोंगटी देणार ते मी आधीच ओळखतो! सॅम म्हणाला, बरं, आपण उलटं करू. या माझ्या कोड्यात कोणती सोंगटी मात देणार नाही, तेवढं सांग. हरेल त्याने जेवण द्यायचं!

मित्राने पट पाहिला. कोपऱ्याजवळ एक पांढरं प्यादं झोपल्यासारखं उभं होतं. आपल्या जागेवरून हललंसुद्धा नव्हतं. मित्राने त्याच्यावर बोट ठेवलं. हे! हे काय मात देणार!

मग? पहिली खेळी : तेच प्यादं दोन घरं पुढे. दुसरी खेळी : तेच प्यादं. तिसरी? तेच! चौथी? तेच!! पाचव्या खेळीला ते पटाच्या पलीकडच्या टोकाला पोचलं. तिथे पोचलं की प्याद्याला बढती मिळते, त्याचा वजीर होतो. आणि त्याच खेळीला मात!

जेवण कोणी दिलं असेल, ते तूच ओळख.

सॅमने या कोड्याला नाव दिलं ‘एक्सेलसियर’. म्हणजे आणखी वर, आणखी वर! जगभरचे कोडी रचणारे आजही अशा पाच उड्या मारणाऱ्या प्याद्यासाठी हेच नाव वापरतात.

बरं, आता ज्याच्यासाठी एवढा वेळ थांबलो, त्या उंटाकडे वळू.

१८४५ साल. लंडनमध्ये बुद्धिबळाचं एक मासिक निघायचं. त्यात एक कोडं छापून आलं. चार खेळ्यांत मात! पाठवलं होतं भारतातून, दिल्लीहून. खाली सही काय होती? ‘शागीर्द’! शागीर्द म्हणजे शिष्य, विद्यार्थी. तुझ्या-माझ्यासारखा शिकणारा कोणीतरी.

कोड्याने मोठमोठ्या लोकांची झोप उडवली. त्यातली युक्ती अशी कोणी आधी पाहिलीच नव्हती!

युक्ती सांगतो, पण आधी एक गोष्ट लक्षात ठेव. समोरच्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर उरलं नाही आणि त्याची दुसरी कोणतीही सोंगटी हलू शकत नाही, तर काय होतं? मात होत नाही! डाव बरोबरीत सुटतो. याला कुजी म्हणतात. जिंकत आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर कुजीचा.

शागीर्दाच्या कोड्यात हीच पंचाईत होती. काळा राजा अगदी कोंडला गेला होता. पांढऱ्याने आणखी आवळलं, की कुजी! मग करायचं काय? राजाला थोडी मोकळीक द्यायची. पण मोकळीक देता देताच त्याला पकडायचं. कसं?

आता लपाछपी आठव. तू दारामागे लपायचं ठरवतेस. पण दारात आधीच कोणी उभं राहिलं तर मागे जाता येईल का? नाही. म्हणून आधी तू आत जायचं, मग तुझ्या मित्राने दारात उभं राहायचं. बाहेरच्याला वाटतं, इथे फक्त हा एकटाच आहे!

कोड्यात तेच घडतं. तिरपा चालणारा पांढरा उंट आपल्या वाटेवरून सरळ मागे, पार टोकाला जातो. बघणारा म्हणतो, अरे, हा पळाला कुठे? मग हत्ती येतो आणि त्याच वाटेवर, उंटाच्या पुढ्यात उभा राहतो. उंट लपला हत्तीमागे!

उंटाची नजर अडली. काळ्या राजाला वाटलं, सुटलो! तो आनंदाने त्या तिरप्या वाटेवर पाऊल ठेवतो. आणि हत्ती बाजूला सरकतो.

धडाम! मागून उंटाचा शह. बाजूने हत्तीचा शह. एकाच वेळी दोन शह! राजाला पळायला घर नाही. मात!

या युक्तीला जगभरातले कोडी रचणारे काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘भारतीय युक्ती’! हा शागीर्द म्हणजे कोण, हे नंतर कळलं. ते होते हेन्री ऑगस्टस लव्हडे नावाचे इंग्रज पाद्री, दिल्लीत राहणारे. माणूस इंग्रज, पण कोडं आलं भारतातून, सही फारसी शब्दाची, म्हणून नाव भारताचं. मला ती सही फार आवडते. एवढी भन्नाट गोष्ट रचायची आणि खाली लिहायचं, मी नुसता विद्यार्थी आहे!

दम लागला का? पाणी पिऊन ये. कारण आता येतोय घोडा!

घोडा अडीच घरं चालतो, हे तर माहीतच आहे. दोन घरं सरळ आणि एक बाजूला. मधे कोणी असलं तरी टुणकन उडी! खो-खोत खांबाला वळसा घालून पळणारा भिडू असतो ना, तसा तो वाकडाच जाणार.

फार जुन्या काळी कोणीतरी एक प्रश्न विचारला. पटावर बाकी सगळं काढून टाकलं आणि फक्त एक घोडा ठेवला, तर तो चौसष्टच्या चौसष्ट घरांत जाऊन येईल का? प्रत्येक घरात एकदाच हं! राजा नाही, शह नाही, मात नाही. नुसती सहल!

आणि या सहलीचं कोडं आपल्या गोदावरीशी जोडलेलं आहे. खरंच!

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते, नाशिकच्या रामकुंडावरून पुढे जाते आणि वाहत वाहत पैठणला पोचते. त्या पैठणमध्ये रामेश्वर भट्ट नावाचे पंडित होते. ते काशीला जाऊन राहिले. त्यांच्या पणतूचं नाव नीलकंठ भट्ट. सतराव्या शतकातले हे मोठे विद्वान! त्यांनी ‘भगवंतभास्कर’ नावाचा अवाढव्य ग्रंथ लिहिला. भास्कर म्हणजे सूर्य. सूर्याला काय असतात? किरणं! म्हणून ग्रंथाचे भाग बारा आणि प्रत्येक भागाचं नाव मयूख, म्हणजे किरण. त्यातला ‘व्यवहारमयूख’ तर इतका मानला गेला, की पुढे मुंबईच्या न्यायालयांत वाटणीच्या खटल्यांमध्ये त्याचा आधार घेत.

एवढा गंभीर ग्रंथ! राजाने राज्य कसं करावं, हे सांगणारा एक किरण म्हणजे ‘नीतिमयूख’. आणि त्या नीतिमयूखात चक्क बुद्धिबळ आहे! घोड्याच्या सहलीसुद्धा आहेत! आणि त्या सांगितल्या आहेत श्लोकांत. पटाच्या घरांना अक्षरं द्यायची आणि घोडा ज्या क्रमाने जाईल, त्या क्रमाने अक्षरं म्हणायची. पाढे पाठ करतो ना, तशी घोड्याची वाट पाठ! त्यातल्या एका सहलीत तर घोडा चौसष्ट घरं फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो. शाळेतून सुटलेलं मूल सगळ्या गल्ल्या फिरून बरोबर स्वतःच्या दारात यावं, तसं!

त्याच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या रुद्रट नावाच्या पंडितांनी अर्ध्या पटावर, म्हणजे ३२ घरांवर, अशी करामत केली होती. त्यांच्या श्लोकाची अक्षरं घरांत मांडायची. सरळ ओळीने वाचली तर जो श्लोक, घोड्याच्या उड्यांनी वाचली तरी तोच श्लोक! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पट काढून खरंच एकेक अक्षर बोटाने मोजत बसलो होतो.

चल, आता तूही कर. चौसष्ट घरं नको, बाराच पुरे. खडूने अंगणात तीन आडव्या ओळी आख, प्रत्येकीत चार घरं. ठिकरी खेळायला आखतो तसंच. खालच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहा. ते घर १. आता घोड्याच्या उड्या मारत जा आणि प्रत्येक घरात आकडा लिही. अडकलं तर ही घे माझी वाट :

३ ६ ९ १२
८ ११ २ ५
१ ४ ७ १०

१ वरून २ वर, २ वरून ३ वर, प्रत्येक उडी अडीच घरांची आहे ना, तपासून बघ.

झालं तपासून? आता वरची ओळ मोठ्याने वाच. तीन, सहा, नऊ, बारा. अरे! हा तर तीनचा पाढा!

घोड्याला पाढा कोणी शिकवला? खालची ओळ बघ. एक, चार, सात, दहा. तीही तीन-तीनने वाढते! आणि मधली? आठ, अकरा, दोन, पाच. ही बिघडली वाटतं? नाही! भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. आठनंतर तीन तासांनी अकरा. अकरानंतर तीन तासांनी दोन. दोननंतर तीन तासांनी पाच! घोडा घड्याळसुद्धा वाचतो!

असं काही सापडलं की मला हमखास आपल्या देवळालीचे कापरेकर सर आठवतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळायचे. कुठलीही चार आकडी संख्या घे, फक्त चारही आकडे सारखे नकोत. समजा ४३२१. आकडे मोठ्यापासून लहान लाव, मग उलटे लाव आणि वजा कर. ४३२१ वजा १२३४, आले ३०८७. पुन्हा तसंच : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. कुठूनही निघ, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येणारच! आज जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांनी पटावर सोंगट्या मांडल्या नाहीत, आकडे मांडले. पण जात तीच, कोडीवाल्यांची!

घोड्याकडे परत येऊ, एक गोष्ट राहिली. चौसष्ट घरं फिरून घरी परत येण्याच्या वाटा किती असतील? दहा? शंभर? लाख?

श्वास रोखून धर. १,३२,६७,३६,४४,१०,५३२! तेरा लाख सव्वीस हजार कोटींहून जास्त! एका सेकंदाला एक वाट काढलीस, जेवायला उठली नाहीस, झोपली नाहीस, तरी सगळ्या संपायला सुमारे ४ लाख २० हजार वर्षं लागतील! आणि पंचवीस घरांचा, पाच बाय पाचचा पट घेतलास तर? घरी परत येणारी एकही वाट नाही. शून्य!

कारण अगदी स्वयंपाकघरातल्या फरशीएवढं साधं आहे. घोडा काळ्या घरातून उडाला की पांढऱ्यातच पडतो, पांढऱ्यातून उडाला की काळ्यात. परत घरी यायचं तर काळ्या आणि पांढऱ्या घरांची संख्या सारखी हवी. पंचवीसची दोन सारखी वाटणी होते का? एक लाडू नेहमी उरतोच!

जाता जाता तुझ्यासाठी एक किल्ला ठेवून जातो. तो रेटी नावाच्या खेळाडूने १९२१ मध्ये बांधला. त्यात सोंगट्या फक्त चार!

रिकामा पट घे. वरच्या उजव्या कोपऱ्यात पांढरा राजा. त्याच उभ्या रांगेत, त्याच्यापासून तीन घरं खाली काळं प्यादं. ते खाली धावणार, पांढऱ्या राजापासून दूर! आता वरून तिसरी आडवी रांग बघ. तिच्यात डाव्या कडेला काळा राजा आणि कडेपासून तिसऱ्या घरात पांढरं प्यादं. हे वर जाणार. पण काळा राजा त्याला खायला टपलाय!

खेळी पांढऱ्याची. डाव बरोबरीत सोडवायचा आहे. काळं प्यादं पकडायला धावलं तर ते हाताला लागत नाही. आपल्या प्याद्याला वाचवायला धावलं तर ते फार लांब. दोन्हीकडे उशीर! मग?

थोडी मदत करतो. राजा एका वेळी एकच घर चालतो, पण सरळही आणि तिरपाही. त्याला पटाच्या कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाठव. किती पावलं? सात. आता त्याला तिरपा आत ने, पटाच्या मध्यापर्यंत, आणि तिथून वळवून त्याच कोपऱ्यात आण. मोज.

सातच!

फरशीवर चालताना आपल्याला वळसा लांब पडतो. पटावरच्या राजाला पडत नाही. आई दोन कामं सांगते, गिरणीतून पीठ आण आणि वाटेत ताईला शिकवणीहून घेऊन ये. तेव्हा तू अशीच वाट शोधतेस ना, जी अर्ध्यापर्यंत दोन्हीकडे जाते?

पांढरा राजा कोपऱ्यातून एक पाऊल तिरपं टाकतो. आता काळ्याची पाळी. पुढचं तू खेळून बघ.